फायरवॉलमधील सगळे कोअर खरोखर कामाला लागले आहेत का? तपासणीची आणि मांडणीची सविस्तर पद्धत

फायरवॉलच्या डॅशबोर्डवर प्रोसेसरचा वापर २६ टक्के दिसत होता, तापमान नेहमीसारखे होते, मेमरी जवळजवळ रिकामी होती आणि तरीही एक गिगाबिटच्या जोडणीवरून डाउनलोडचा निम्माही वेग हाती येत नव्हता. यंत्रात चार कोअर होते. मी आधी केबल बदलली, मग स्विचवरचा पोर्ट बदलला, मग जोडणी देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. या खटाटोपात दोन दिवस गेल्यावर उत्तर त्या २६ टक्क्यांतच दडलेले आहे हे ध्यानात आले. चार कोअरच्या यंत्रात एक कोअर पूर्ण भरला आणि उरलेले तीन हात बांधून बसले, की सरासरी २५ टक्के येते. आठ थ्रेडच्या यंत्रात हाच आकडा साडेबारा टक्के होतो आणि मग तर संशयही येत नाही.

प्रोसेसरमध्ये किती कोअर आणि किती थ्रेड आहेत हे खोक्यावर छापलेले असते; पण आलेले पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून येणारा माहितीचा छोटा तुकडा, त्या कोअरमध्ये कोठे आणि कसे वाटले जाते हे कोणी छापत नाही. फायरवॉलची कामगिरी मुख्यतः या वाटपावर ठरते. हे वाटप एकापाठोपाठ एक कोणत्या ठिकाणी होते, ते कसे तपासावे आणि जेथे सगळे काम एकेरी रांगेत अडकते तेथे काय करता येते, ते पुढे क्रमाने मांडले आहे. उदाहरणे प्रामुख्याने पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फ्रीबीएसडीवर आधारलेल्या फायरवॉलची व लिनक्सवर उभारलेल्या फायरवॉलची आहेत. तत्त्व मात्र सगळीकडे सारखेच आहे.

आधी शब्द आणि थोडा हिशेब

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग. एकाच कोअरने एकाच वेळी सूचनांच्या दोन मालिका चालवण्याच्या सोयीला एसएमटी म्हणतात. इंटेलने ती २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग या नावाने बाजारात आणली. यातला दुसरा थ्रेड म्हणजे दुसरा कोअर नव्हे. आकडेमोड करणारी यंत्रणा आणि जवळची कॅश (प्रोसेसरमधील छोटी वेगवान मेमरी) या दोन्ही गोष्टी दोन थ्रेड वाटून घेतात. पहिला थ्रेड मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबला, तर त्या मोकळ्या क्षणात दुसरा आपले काम उरकून घेतो, एवढाच त्याचा फायदा. सॉफ्टवेअरचे मल्टिथ्रेडिंग ही याहून वेगळी, तिसरी गोष्ट आहे: कार्यक्रम लिहिणाऱ्याने काम अनेक धाग्यांत विभागले असेल तरच वरचे दोन्ही उपयोगी पडतात. विक्रीच्या पत्रकात हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाखाली येतात आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

आता वेळेचा हिशेब पाहू. एक गिगाबिटच्या इथरनेटवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटची फ्रेम, तिच्यापुढची प्रस्तावना आणि दोन फ्रेममधील सक्तीची जागा धरून ८४ बाइटची होते. त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ फ्रेम येऊ शकतात आणि प्रत्येकीसाठी ६७२ नॅनोसेकंद मिळतात. दोन गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरसाठी हे सुमारे १,३४४ आवर्तने झाली. तेवढ्यात पॅकेट उचलायचे, नियम तपासायचे, जोडणीच्या नोंदीत ते शोधायचे, पत्ता बदलायचा आणि दुसऱ्या बाजूने पाठवायचे असते. दहा गिगाबिटवर हीच सवड ६७.२ नॅनोसेकंदांवर येते, म्हणजे मुख्य मेमरीतून एकदा माहिती आणण्यासही ती अनेकदा पुरत नाही. याउलट १,५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम असतील तर एक गिगाबिटवर सेकंदाला फक्त ८१,२७४ फ्रेम येतात. म्हणून 'हे यंत्र एक गिगाबिट पेलते' या विधानाला पॅकेटचा आकार सांगितल्याखेरीज फारसा अर्थ नसतो.

पहिली पायरी: प्रोसेसर नेमका कसा आहे

लिनक्सवर एलएससीपीयू ही कमांड दिली की सॉकेट, प्रत्येक सॉकेटमधील कोअर आणि प्रत्येक कोअरमधील थ्रेड असे तीन आकडे वेगवेगळे दिसतात. फ्रीबीएसडीवर यंत्र सुरू होतानाच्या संदेशांत फ्रीबीएसडी/एसएमपी अशी सुरू होणारी ओळ शोधावी. तेथे 'एक पॅकेज गुणिले चार कोअर' अशा अर्थाचा मजकूर असतो आणि हायपर-थ्रेडिंग चालू असेल तर त्यापुढे 'गुणिले दोन हार्डवेअर थ्रेड' अशी भर पडते.

लहान फायरवॉलसाठी वापरले जाणारे बरेचसे प्रोसेसर हायपर-थ्रेडिंगशिवायच येतात. इंटेलचा सेलेरॉन जे४१२५, अॅटम सी३५५८ आणि प्रोसेसर एन१०० या तिघांतही चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. अशा यंत्रावर हायपर-थ्रेडिंग चालू करायचे की बंद, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यावर वाचलेले सल्ले बाजूला ठेवून पुढच्या पायरीवर जावे. झिऑन डी किंवा कोअर मालिकेतील बहुतेक प्रोसेसर असतील तर मात्र तो प्रश्न पुढे घ्यावा लागेल. नव्या कोअर मालिकेत वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात, आणि एखादी रांग काटकसरी कोअरच्या वाट्याला आली तर त्या रांगेतल्या जोडण्या इतरांपेक्षा मंद चालू शकतात. त्यामुळे फक्त फायरवॉलसाठी यंत्र घ्यायचे असेल तर सगळे कोअर एकसारखे असलेला प्रोसेसर घ्यावा, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: नेटवर्क कार्डाच्या रांगा

वाटपाचे पहिले ठिकाण प्रोसेसर नसून नेटवर्क कार्ड आहे. चांगल्या कार्डात येणाऱ्या पॅकेटसाठी एकाहून अधिक रांगा असतात. पॅकेटचा स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता आणि दोन्ही पोर्ट क्रमांक यांवरून कार्ड एक हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने येणारा आकडा, काढते, त्या हॅशच्या आधारे पॅकेट कोणत्या रांगेत टाकायचे ते ठरवते आणि प्रत्येक रांग आपापल्या इंटरप्टने, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताने, वेगळ्या कोअरला हाक मारते. या पद्धतीला रिसीव्ह साइड स्केलिंग, थोडक्यात आरएसएस म्हणतात.

रांगा किती हे कार्डाच्या चिपवर अवलंबून असते. इंटेलच्या आय२१० मध्ये चार आणि त्याच्या स्वस्त भावंडात, म्हणजे आय२११ मध्ये फक्त दोन रांगा आहेत. आय२२५ आणि आय२२६ या अडीच गिगाबिटच्या चिपमध्ये चार, तर आय३५० मध्ये प्रत्येक पोर्टमागे आठ आहेत. आठ कोअरच्या यंत्राला आय२११ जोडले, तर त्या पोर्टवरून आलेली पॅकेट उचलण्याच्या कामी दोनच कोअर येतील आणि बाकीचे सहा त्या कामापुरते शोभेचे राहतील.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते पाहा. आय२१० असलेल्या यंत्रावर फ्रीबीएसडीचे सुरुवातीचे संदेश उघडून आयजीबी० हे नाव शोधले की एका ओळीत चार आरएक्स (येणाऱ्या) आणि चार टीएक्स (जाणाऱ्या) रांगा वापरात असल्याचे आणि लगतच्या ओळीत पाच व्हेक्टर असलेले एमएसआय-एक्स इंटरप्ट (एका कार्डाला अनेक स्वतंत्र इंटरप्ट देणारी पद्धत) मिळाल्याचे लिहिलेले असते. पाचापैकी चार रांगांचे आणि पाचवा जोडणी लागली-तुटली हे कळवणारा. येथे एकच रांग दिसली, किंवा एमएसआय-एक्सऐवजी साधे एमएसआय दिसले, तर पुढचे काही तपासण्याआधी ते का झाले हे शोधावे. बायोसमधील एखादी सोय बंद असणे, जुना ड्रायव्हर, किंवा कधीकाळी कोणीतरी लिहून ठेवलेली आणि नंतर विसरलेली सेटिंग ही नेहमीची कारणे असतात. लिनक्सवर ईथटूल ही कमांड लहान एल या पर्यायासह दिली की कार्डाची कमाल मर्यादा आणि सध्याची संख्या एकाखाली एक दिसते. कॅपिटल एल वापरून ती बदलता येते.

फायरवॉल आभासी यंत्रात चालत असेल तर येथे हमखास फसगत होते. आभासी यंत्राला चार कोअर दिलेले असतात, पण व्हर्टआयओ प्रकारच्या आभासी कार्डाला रांगांची संख्या वेगळी सांगावी लागते. ती सांगितली नाही, तर चार कोअरच्या यंत्राला एक रांग मिळते.

तिसरी पायरी: एक प्रवाह आणि अनेक प्रवाह

दोन टोकांच्या एका जोडणीतील सगळी पॅकेट म्हणजे एक प्रवाह. एका प्रवाहाचा हॅश नेहमी तोच येतो, म्हणून त्याची सगळी पॅकेट एकाच रांगेत आणि त्यामुळे एकाच कोअरवर जातात. हे मुद्दाम केलेले आहे. एकाच प्रवाहाची पॅकेट वेगवेगळ्या कोअरवर पाठवली, तर मागचे पुढे आणि पुढचे मागे होईल. टीसीपीच्या समोरच्या टोकाला पॅकेट हरवले असे वाटून तो एकाच पोचपावतीच्या प्रती परत पाठवेल, आणि अशा तीन प्रती आल्या की पाठवणारा ते पॅकेट पुन्हा पाठवून आपला वेगही कमी करील.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एका मोठ्या फाइलचे एकाच जोडणीतून होणारे डाउनलोड एका कोअरच्या ताकदीपलीकडे जाऊ शकत नाही. यंत्रात १६ कोअर असले तरी नाही. म्हणून मोजणी करताना दोन्ही प्रकार मोजावेत: एका प्रवाहाचा वेग आणि आठ-दहा समांतर प्रवाहांचा एकूण वेग. एका प्रवाहाचा वेग कमी आणि एकूण वेग चांगला असेल, तर वाटप ठीक आहे आणि एकेका कोअरचा वेग अपुरा आहे. दोन्ही वेग सारखेच आणि कमी असतील, तर काम कोठेतरी एकेरी झाले आहे आणि पुढच्या पायऱ्यांचा उपयोग आहे.

मोजणीत दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो आहे. पहिला असा की आयपर्फ३ हे वेग मोजण्याचे साधन प्रत्यक्ष फायरवॉलवरच चालवले जाते. त्यामुळे पॅकेट पुढे पाठवण्याची क्षमता मोजली जात नाही. पॅकेट तयार करण्याचा बोजाच त्या बिचाऱ्या यंत्रावर येतो. आयपर्फ३ फायरवॉलच्या अलीकडे एका यंत्रावर आणि पलीकडे दुसऱ्या यंत्रावर चालवावे. दुसरा खड्डा अधिक फसवा आहे: आयपर्फ३ मध्ये समांतर प्रवाह मागितले तरी ३.१६ या आवृत्तीपूर्वी ते सगळे एकाच थ्रेडवर चालत असत. ही आवृत्ती २०२३ च्या अखेरीस आली. जुन्या आवृत्तीने वेगवान फायरवॉल तपासली, तर मोजणाऱ्या यंत्राचाच एक कोअर आधी भरतो आणि दोष फायरवॉलच्या माथी येतो. नवी आवृत्ती नसेल तर वेगवेगळ्या पोर्टवर तीन-चार स्वतंत्र आयपर्फ३ चालवून बेरीज करावी.

चौथी पायरी: भार चालू असताना थ्रेड पाहणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती भार चालू असतानाच करायची आहे. डॅशबोर्डवरची सरासरी येथे कुचकामी ठरते. फ्रीबीएसडीवर टॉप ही कमांड कॅपिटल एस आणि कॅपिटल एच या पर्यायांसह चालवली की कर्नलचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, थ्रेड एकेक करून दिसतात, आणि वर कॅपिटल पी जोडले तर प्रत्येक कोअरची वेगळी ओळ मिळते. रिकाम्या यंत्रात सगळ्यांत वर आयडल नावाचे थ्रेड असतात, कोअरगणिक एक, प्रत्येकी शंभर टक्क्यांच्या आसपास. भार सुरू झाला की हे आकडे उतरू लागतात. चारही आयडल साधारण सारखे उतरले, म्हणजे ७० ते ८० च्या दरम्यान आले, तर वाटप छान चालले आहे. तीन आयडल ९५ च्या वर आणि चौथा शून्यावर असेल, तर दुखणे सापडले. त्या कोअरवर कोणता थ्रेड बसला आहे ते त्याच पडद्यावर दिसते: आयएफ, आयओ, टीक्यूजी अशी अक्षरे असलेला थ्रेड असेल तर तो नेटवर्क कार्डाची रांग उपसत आहे, ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचे सॉफ्टवेअर) किंवा स्नॉर्ट (घुसखोरी तपासणारे सॉफ्टवेअर) असे नाव असेल तर दोष कार्डाचा नाही.

लिनक्सवर हेच काम एमपीस्टॅट ही कमांड सर्व कोअरसाठी चालवून होते. तेथे सॉफ्ट या स्तंभाकडे पाहावे, कारण पॅकेटची बहुतेक प्रक्रिया सॉफ्टइंटरप्टमध्ये होते. केसॉफ्टआयआरक्यूडी या नावाचा एखादाच थ्रेड सतत वर दिसत असेल तर एका कोअरची क्षमता संपली आहे असे समजावे. प्रॉक फाइलप्रणालीतील इंटरप्ट्स ही फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून आकड्यांतला फरक काढला, की कोणत्या रांगेचा इंटरप्ट कोणत्या कोअरवर किती वेळा आला ते कळते. फ्रीबीएसडीवर व्हीएमस्टॅट ही कमांड लहान आय या पर्यायासह दिली की इंटरप्टची अशीच मोजणी मिळते.

येथे जे दिसेल ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. नंतर सेटिंग बदलल्यावर सुधारणा झाली की नाही हे आठवणीवर ठरवता येत नाही.

पाचवी पायरी: वाटप कोठे मोडते

आता माझ्या त्या २६ टक्क्यांकडे वळू. कार्ड आय२१० होते, चार रांगा होत्या, एमएसआय-एक्स मिळाले होते. तरीही बाहेरून येणारे सगळे पॅकेट पहिल्याच रांगेत पडत होते, कारण ती जोडणी पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन कंपनीशी सत्र उघडण्याच्या, प्रकारची होती. पीपीपीओईमध्ये आयपी पॅकेटभोवती आणखी एक वेष्टण असते आणि इथरनेटच्या शीर्षकात आयपीऐवजी पीपीपीओई सत्राचा प्रकार लिहिलेला असतो. कार्डाला वेष्टणाच्या आतले पत्ते आणि पोर्ट वाचता येत नाहीत, हॅश काढायला काही उरत नाही आणि सगळे पॅकेट रांग शून्यमध्ये जाते. आतल्या जाळ्याकडून येणारी पॅकेट साधी आयपी असल्याने ती चारही रांगांत नीट वाटली जात होती. त्यामुळे अपलोडपेक्षा डाउनलोड मंद, असे उलटे चित्र दिसत होते. हे उलटे चित्र दिसले आणि जोडणी पीपीपीओई असली, तर केबल बदलण्यात वेळ घालवू नये.

फ्रीबीएसडीवर यासाठी नेट.आयएसआर.डिस्पॅच ही सेटिंग डायरेक्टऐवजी डिफर्ड करण्याचा उपाय वर्षानुवर्षे सांगितला जातो. डायरेक्टमध्ये ज्या थ्रेडने पॅकेट उचलले तोच ते शेवटपर्यंत नेतो. डिफर्डमध्ये वेष्टण काढल्यावर पॅकेट दुसऱ्या थ्रेडच्या रांगेत ठेवता येते, त्यामुळे उचलण्याचे आणि गाळण्याचे काम दोन कोअरवर विभागले जाऊ शकते. त्यासोबत नेट.आयएसआर.मॅक्सथ्रेड्स ही सेटिंग उणे एक ठेवावी, म्हणजे प्रत्येक कोअरमागे एक थ्रेड तयार होतो; ती यंत्र सुरू होतानाच वाचली जाते, त्यामुळे रीबूट लागतो. नेटस्टॅट ही कमांड कॅपिटल क्यू या पर्यायासह दिली की डिस्पॅचचा प्रकार आणि प्रत्येक थ्रेडने किती पॅकेट हाताळली हे दोन्ही दिसते. माझ्या यंत्रावर या बदलाने वेग ठळकपणे वाढला, तरी पूर्ण गिगाबिट मिळाला नाही, कारण रांग शून्य उपसणारा कोअर एकच राहिला. पीएफसेन्सच्या २०२५ मध्ये आलेल्या २.८ या आवृत्तीत पीपीपीओईसाठी कर्नलमध्येच चालणारा नवा ड्रायव्हर निवडता येतो; जुन्या पद्धतीत पॅकेटला जो लांबचा वळसा पडत होता तो त्यात टळतो. त्या आवृत्तीवर असाल तर डिस्पॅचच्या सेटिंगशी खेळण्याआधी हा ड्रायव्हर वापरून पाहावा. लिनक्सवर आरपीएस ही सोय आहे. ती कर्नलच्या २.६.३५ या आवृत्तीपासून मिळते आणि कार्डाऐवजी कर्नलच हॅश काढतो. कर्नलला पीपीपीओईच्या वेष्टणातले पत्ते वाचता येत असल्यामुळे एक रांग असूनही पुढचे काम अनेक कोअरवर पसरते.

व्हीपीएनची, म्हणजे दोन टोकांमधल्या सांकेतिक बोगद्याची, कथाही थोडीफार अशीच आहे. आयपीसेकच्या ईएसपी पॅकेटमध्ये पोर्ट क्रमांक बाहेर दिसत नाहीत, त्यामुळे दोन कार्यालयांमधल्या एका बोगद्याचा सगळा व्यवहार कार्डाच्या दृष्टीने एकच प्रवाह ठरतो. वायरगार्डचेही दोन टोकांमधले सगळे पॅकेट एकाच यूडीपी जोडीवर येते. पण लिनक्स कर्नलमधील वायरगार्ड सांकेतीकरण आणि उलगडा अनेक कोअरवर वाटून क्रम पुन्हा जुळवतो, म्हणून तेथे कोअरची संख्या उपयोगी पडते. ओपनव्हीपीएनची एक प्रक्रिया एकाच थ्रेडवर चालत आली आहे. २.६ या आवृत्तीपासून डेटा चॅनल ऑफलोड वापरले तर पॅकेटचे काम कर्नलकडे जाते. ते शक्य नसेल तर वापरकर्ते दोन-तीन वेगळ्या सर्व्हर प्रक्रियांत वाटणे हा जुना, पण खात्रीचा उपाय आहे.

यूडीपीबाबत एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मोठे यूडीपी पॅकेट तुकड्यांत आले तर पहिल्या तुकड्यातच पोर्ट क्रमांक असतात, बाकीच्यांत नसतात. पोर्ट धरून हॅश काढला तर एकाच पॅकेटचे तुकडे वेगवेगळ्या रांगांत जातील, म्हणून लिनक्सवरील इंटेलचे काही ड्रायव्हर यूडीपीसाठी मुळातच फक्त पत्त्यांवरून हॅश काढतात. दोनच यंत्रांमध्ये यूडीपीची चाचणी घेतली आणि सगळा भार एका कोअरवर दिसला, तर कारण हे असू शकते. ईथटूलने यूडीपीसाठी पोर्टही धरायला सांगता येते.

सहावी पायरी: हायपर-थ्रेडिंग चालू ठेवावे की बंद

या प्रश्नाला वेगाची आणि सुरक्षिततेची अशा दोन बाजू आहेत. सुरक्षिततेचा प्रश्न नवा नाही. २००५ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांनी दाखवून दिले की एका थ्रेडवरचा कार्यक्रम सामाईक कॅशच्या वर्तनावरून शेजारच्या थ्रेडवरील गुप्त किल्लीचा माग काढू शकतो, आणि फ्रीबीएसडीने त्यावर सुरक्षासूचना काढली. ओपनबीएसडीने २०१८ मध्ये एसएमटी मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल१टीएफ आणि २०१९ च्या मे महिन्यात एमडीएस हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले आणि काही परिस्थितींत एसएमटी बंद केल्याशिवाय पूर्ण बचाव होत नाही हे स्पष्ट झाले.

हे सगळे हल्ले होण्यासाठी हल्लेखोराचा कार्यक्रम त्याच प्रोसेसरवर चालावा लागतो. फायरवॉल स्वतंत्र यंत्रावर असेल आणि तेथे बाहेरचे काही चालत नसेल, तर धोका मर्यादित आहे. ती आभासी यंत्रात असून त्याच प्रोसेसरवर इतरांची आभासी यंत्रेही असतील, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून एसएमटी बंद करावे असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

वेगाच्या बाजूने ठाम नियम देता येत नाही, मोजावेच लागते. निव्वळ पॅकेट गाळण्याच्या कामात एकाच कोअरचे दोन थ्रेड दोन रांगा उपसू लागले, तर ते एकमेकांची कॅश खराब करतात आणि लाभ अल्प राहतो, कधी तोटाही होतो. सुरिकाटा या घुसखोरी तपासणाऱ्या साधनासारखी मेमरीची सतत वाट पाहणारी तपासणी चालू असेल तर दुसऱ्या थ्रेडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. एक मधला मार्ग मला सोयीचा वाटतो: हायपर-थ्रेडिंग चालू ठेवावे, पण कार्डाच्या रांगांची संख्या भौतिक कोअरइतकीच ठेवावी आणि त्या रांगा वेगवेगळ्या भौतिक कोअरवर बांधाव्यात. दुसरे थ्रेड मग वेब पडदा, लॉग आणि डीएनएस यांसारख्या किरकोळ कामांना मोकळे राहतात. बंद करायचेच असेल तर बायोसमधून करणे सर्वांत स्वच्छ. ते जमत नसेल तर फ्रीबीएसडीच्या लोडर सेटिंगमध्ये मशडेप.हायपरथ्रेडिंग_अलाउड शून्य करावे, आणि लिनक्सवर कर्नलला नोएसएमटी हा पर्याय द्यावा.

सातवी पायरी: सॉफ्टवेअरला थ्रेड येतात का

पॅकेट रांगांतून बाहेर आले की पुढचा प्रश्न फायरवॉलच्या मुख्य यंत्रणेचा येतो. पीएफ ही यंत्रणा २००१ मध्ये ओपनबीएसडीत जन्मली, तेव्हा अनेक कोअरचा विचार तिच्यात नव्हता. फ्रीबीएसडीत तिच्याभोवती एक मोठे कुलूप होते: एक कोअर पीएफच्या आत असला की बाकीच्यांना दाराशी थांबावे लागे. २०१४ च्या सुरुवातीला आलेल्या फ्रीबीएसडी १० मध्ये हे कुलूप फोडून लहान लहान कुलपांत वाटले गेले, आणि २०१५ मध्ये आलेल्या पीएफसेन्स २.२ पासून त्याचा लाभ मिळू लागला. एवढ्या जुन्या आवृत्तीवर आज कोणी नसावे. पण महाजालावरचे अनेक सल्ले त्या काळातले आहेत आणि ते तारीख न पाहता पुढे दिले जातात.

घुसखोरी तपासणाऱ्या साधनांत हा फरक आजही ठळक आहे. सुरिकाटा पहिल्यापासून मल्टिथ्रेडेड आहे. स्नॉर्ट २ ची एक प्रक्रिया पॅकेट तपासणीसाठी एकच थ्रेड वापरते. स्नॉर्ट ३ मध्ये हे बदलले आणि त्याची स्थिर आवृत्ती २०२१ च्या जानेवारीत आली. टॉपच्या पडद्यावर स्नॉर्टचा थ्रेड शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर कार्डाच्या रांगा वाढवून काहीही होणार नाही. सुरिकाटा वापरताना त्याचा रनमोड वर्कर्स ठेवला तर प्रत्येक थ्रेड आपल्या रांगेतले पॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासतो. मात्र त्यासाठी जाणारी आणि येणारी पॅकेट एकाच थ्रेडकडे यायला हवीत. नेहमीच्या हॅशमध्ये दोन दिशांची पॅकेट वेगळ्या रांगांत जाऊ शकतात, म्हणून तेथे दोन्ही दिशांना तोच निकाल देणारी सममित हॅश किल्ली वापरावी लागते.

चेक पॉइंटच्या यंत्रांवर हेच वाटप कोअरएक्सएल या नावाने येते. तेथे काही कोअर कार्डाकडून पॅकेट उचलून वाटायला आणि बाकीचे नियम तपासायला नेमलेले असतात, आणि वाटणारे कोअर भरले पण तपासणारे रिकामे, किंवा याच्या उलट, असे असेल तर ही विभागणी बदलावी लागते.

काही काम कधीच वाटले जात नाही, आणि त्याची किंमत किती मोठी असते याचा अंदाज १९६७ मध्ये मांडलेल्या अॅमडालच्या नियमावरून करता येतो. कामाचा पाचवा हिस्सा एकेरीच चालणार असेल, तर चार कोअर लावल्यावर वेग चौपट होत नाही, अडीचपट होतो. आणि कोअर कितीही वाढवले तरी पाचपटीच्या पुढे जात नाही.

आठवी पायरी: बदल करण्याचा क्रम

एका वेळी एकच सेटिंग बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या व चौथ्या पायरीतील मोजणी पुन्हा करावी. ज्या यंत्रातून स्वतःचा दूरस्थ प्रवेश आहे त्या यंत्रावर रांगांची संख्या दुरून बदलू नये, कारण ती बदलताना कार्ड क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि गणित चुकले तर ते परत येत नाही. मुख्य मांडणीची प्रत आधी काढून ठेवावी. आधी रांगा आणि एमएसआय-एक्स, मग पीपीपीओई किंवा व्हीपीएनचा अडथळा, मग तपासणीचे सॉफ्टवेअर आणि शेवटी हायपर-थ्रेडिंग, हा क्रम ठेवला तर फुकटची मेहनत वाचते. लिनक्सवर रांगा हाताने कोअरला बांधायच्या असतील तर आयआरक्यूबॅलन्स ही सेवा आधी थांबवावी, नाहीतर आपण बांधलेले ती थोड्या वेळाने सोडून ठेवते.

पंखा नसलेल्या लहान यंत्रांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भार एका कोअरवर होता तोपर्यंत तो कोअर आपल्या कमाल वेगाने चालत असतो. सगळे कोअर कामाला लागले की उष्णता वाढते आणि प्रोसेसर सगळ्यांचाच वेग खाली आणतो. म्हणून वाटप सुधारल्यावरची चाचणी एक-दोन मिनिटांत न आटोपता निदान अर्धा तास चालवावी आणि तापमान व गिगाहर्ट्झचा आकडा सोबत पाहत राहावे. सुरुवातीला उत्तम दिसलेला वेग विसाव्या मिनिटाला उतरला, तर पुढचा उपाय सेटिंगमध्ये नसून यंत्राच्या वायुवीजनात आहे.

नवे यंत्र घ्यायचे असेल तर वरच्या पायऱ्याच उलट्या क्रमाने वापराव्यात. पीपीपीओई, एकच मोठा आयपीसेक बोगदा किंवा जुने ओपनव्हीपीएन असेल, तर कमी पण वेगवान कोअर उपयोगी पडतील. शेकडो वापरकर्त्यांचा साधा आयपी व्यवहार आणि सोबत सुरिकाटा असेल, तर कोअरची संख्या आणि तितक्याच रांगा असलेले कार्ड हवे. माझे ते चार कोअरचे यंत्र आजही चालू आहे. पीपीपीओई हाताळण्याचे काम मी जोडणीच्या टोकाला असलेल्या वेगळ्या उपकरणाकडे सोपवले. फायरवॉलच्या कार्डाला आता साधी आयपी पॅकेट मिळतात आणि डाउनलोड जोरात असताना चारही आयडल थ्रेड जवळजवळ एकत्र खाली येतात.